रात्रपाळीची डबी

किल्लारी,
११ नोव्हेंबर २०२४

धम्मानंद,

हे पत्र तुला आमच्या घरचा कंडक्टर आणून देईल. सध्या मल्लिनाथला औसा–नांदेड गाडी लागली आहे. तोंडी निरोप दिला असता, पण त्याच्याकडं दिलेला निरोप लातूरपर्यंत अर्धा सांडतो आणि अहमदपूर सोडलं की उरलेल्या अर्ध्यात तो स्वतःची भर घालतो. फोन करावा, तर माझं सेवा केंद्र म्हणजे घराचीच पुढची खोली. सातबारा काढायला आलेली माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसलेली असतात. पॉलिटेक्निकात माझी जर्नलं उतरवून पास झालास, तेव्हा माझं अक्षर तुला लागेलच.

तर ऐक. माझं नेट कोणीतरी खातंय. आमच्या गल्लीत फायबर अजून आलेली नाही. सिमकार्डाचा राउटर आहे आणि त्याला रोजचा डेटा ठरलेला आहे. तो रात्री बाराला नव्यानं मिळतो. मी सकाळी शटर वर करते तर संपलेला! रब्बीच्या पीक विम्याची मुदत जवळ आली, लोक कागदं घेऊन बसलेत आणि माझ्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. दोनदा पासवर्ड बदलला. शेजारच्या साखराबाईचा भाचा श्रीशैल मोबाईल दुरुस्त करतो, माझा सगळा संशय त्याच्यावर. पण पुराव्याशिवाय साखराबाईच्या तोंडी लागायची माझी हिंमत नाही. तू त्या कॉलेजात दिवसभर नेटवर्कच सांभाळतोस ना? मग सांग, चोर कसा धरायचा?

दुसरं सांगते, त्यावर तुझ्याकडं इलाज नाही, तरी सांगते. माझ्या सासूबाई, शरणम्मा. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा नवरा गेला, लेक गेली. मल्लिनाथ तेवढा ढिगाऱ्यातून जिता निघाला. गाव नव्या जागी वसलं, सरकारनं घर बांधून दिलं, पण अव्वा त्या दिवसापासून घरात झोपल्या नाहीत. अंगणात पत्र्याचं छप्पर आहे, चारी बाजू उघड्या, तिथं त्यांची बाज. मागच्या हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला. लातूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एक हिवाळा बाहेर काढला तर ह्या वाचायच्या नाहीत." मी विनवलं, रागावले, अबोला धरला, बाज आत उचलून ठेवली. त्यांनी सतरंजी अंगणात टाकली. थंडी पडायला लागली आहे धम्मा. मला खरंच काही सुचत नाही.

नेटचं तेवढं बघ.

तुझी,
जगदेवी अक्का

*

नांदेड,
१६ नोव्हेंबर २०२४

अक्का,

अक्षर लागलं. जर्नलांचं मी नाकारत नाही.

मल्लिनाथकडे एक साबणाची डबी दिली आहे. साबण समजून न्हाणीत ठेवू नकोस. तिच्यात तळहातावर मावेल एवढा पूर्ण संगणक आहे. आमच्या लॅबमधला आहे आणि त्याला खोकं नव्हतं, म्हणून डबीला सळई तापवून भोकं पाडली. एका भोकातून हिरवा दिवा दिसेल. तो लुकलुकत असला की काम चालू आहे असं समज.

करायचं एवढंच. तुझ्या राउटरचं वाय-फाय बंद कर. राउटरमधून एक तार या डबीला जोड. आता वाय-फाय डबीतून निघेल. मल्लिनाथला विचारून जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड घातला आहे, म्हणजे ज्याचा फोन जोडलेला असेल तो आपोआप हिच्याकडे येईल, चोराचाही. डबीत टीसीपीडम्प नावाचा प्रोग्राम आहे. तो काही अडवत नाही, काही बदलत नाही. जे येईल-जाईल ते नुसतं ऐकतो आणि टिपून ठेवतो. सकाळी ती फाइल तुझ्या संगणकावर वायरशार्क नावाच्या प्रोग्राममध्ये उघड, म्हणजे कोणत्या यंत्रानं किती ओढलं ते दिसेल. टंकायच्या ओळी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिल्या आहेत. रिकामी जागा जिथे सोडली आहे तिथे तूही सोड. आपल्या वर्गात निम्मी पोरं याच एका गोष्टीत नापास झाली होती.

दोन गोष्टी मात्र माझ्या. पाकिटावरचा पत्ता तेवढा टिपायचा, आतला मजकूर नाही, असं मी बसवून दिलं आहे. आणि घरात प्रत्येकाला सांगूनच लाव. गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर पाटी चिकटव. कोणाला न सांगता ऐकत बसणं मला पटत नाही, मग तो चोर का असेना.

अव्वांचं वाचून वाईट वाटलं. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते, हे तू कधी विचारलंस का?

तुझा,
धम्मानंद

*

किल्लारी,
२३ नोव्हेंबर २०२४

धम्मानंद,

कशाची भीती म्हणजे? भूकंपाची! किल्लारीत येऊन हे विचारलंस तर लोक तुला बसायला पाणीसुद्धा देणार नाहीत.

आता तुझ्या डबीचं ऐक. पहिल्या दिवशी मी सगळं जोडलं, सगळ्या ओळी टंकल्या. कागदावर तू लिहिलंस, "यादीतलं वाय-फायचं नाव निवड." यादीत तीन नावं आली, तिन्ही कोड्यात टाकणारी. मी पहिलं दिलं. सकाळी फाइल उघडली तर खच्चून भरलेली. मला वाटलं, धरला श्रीशैलला! बघते तर पाठवणारा आणि घेणारा एकच नंबर. लगेच फोन केला तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? "अक्का, डबी रात्रभर स्वतःशीच बोलत होती." एक रात्र फुकट गेली ती गेलीच, वर तू पोट धरून हसलास. त्याच दिवशी नाव बदललं आणि आता ती आम्हा सगळ्यांचं ऐकते.

तू सांगितलंस म्हणून तेव्हाच घरात सगळ्यांना सांगितलं. मल्लिनाथ "बरं" म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला. अव्वा मात्र चष्मा लावून डबीपुढं बसल्या.

"ह्ये काय करतंय गं?"

"काही करत न्हाई अव्वा. नुसतं ऐकतं. काय आलं, काय गेलं."

"रातच्याला बी?"

"रातच्याला बी."

"डुलकी लागत आसंल की मधी."

"मशीनला कसली डुलकी अव्वा? त्यो दिवा लुकलुकतोय तवर जागंच हाय म्हणायचं."

त्यांनी आणखी दोनदा तेच विचारलं. मग उठून गेल्या. मला वाटलं, कळलं नाही त्यांना, जाऊ दे.

आणि आता जे सांगते त्यावर विश्वास ठेव. त्याच संध्याकाळी अव्वांनी आपली वाकळ, उशी, पाण्याचा तांब्या घरात आणला. डबीच्या शेजारी भिंतीला लागून अंथरूण घातलं आणि झोपल्या. छताखाली! मल्लिनाथ ताट तसंच सोडून बघत उभा राहिला. आईला घरात झोपलेली त्यानं जाणत्या वयात पहिल्यांदा पाहिली. मी भाकरी थापत राहिले, काही बोललं आणि त्या उठून गेल्या तर? आज चौथा दिवस, अजून आतच आहेत. खोकला अर्ध्यावर आलाय. डॉक्टरांचं बोलणं उशिरा का होईना मनावर घेतलं, असं मी धरून चालले आहे. माझी विनवणीही थोडीफार कामी आली असेलच.

एकच कळत नाही. त्या दिवसापासून डेटाही संपत नाही. सकाळी शटर उघडते तर भरलेला. अर्ज धडाधड जातायत. फाइल सोबत पेनड्राइव्हवर पाठवते आहे. चोर कोण ते सांग.

जगदेवी अक्का

*

नांदेड,
२९ नोव्हेंबर २०२४

अक्का,

अव्वा घरात आल्या हे वाचून इतका आनंद झाला, की पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशी उघडला. आणि उघडल्यापासून गोंधळलो आहे.

फाइलमध्ये चोर नाही. दिवसा तुझा संगणक, तुझा फोन, संध्याकाळी मल्लिनाथचा फोन. रात्री कोणीही नाही, फक्त मधूनमधून तुझा फोन आपण जिवंत असल्याचं कळवतो, एवढंच. श्रीशैल नाही, साखराबाई नाही, भूतसुद्धा नाही. मी तीनदा पाहिलं. माझ्याच जुळणीत चूक असेल म्हणून लॅबमध्ये तसंच सगळं पुन्हा लावून बघितलं, ते बरोबर निघालं. म्हणजे डबी लावली आणि त्याच दिवसापासून खाणाऱ्यानं खाणं सोडलं. ऐकणाऱ्याला बघून बोलणाऱ्यानं गप्प बसावं तसं झालं आहे. आपण पाटी लावली होती, ती वाचून चोर सावध झाला असेल का? की मल्लिनाथनं गाडीत तिकिटं फाडता फाडता सगळ्यांना सांगितलं? तो डबी घेऊन गेला त्या दिवशी अर्ध्या गाडीला दाखवत होता असं ऐकलं.

असो. आजार बरा झाला तर औषध पुरवायचं कशाला? आमच्याकडे पुढच्या आठवड्यात तपासणी आहे आणि लॅबमधली प्रत्येक वस्तू जागेवर लागते. डबी मल्लिनाथबरोबर परत पाठव. राउटरचं वाय-फाय पुन्हा चालू कर आणि पासवर्ड नवा दे.

अव्वांना माझा जयभीम सांग.

धम्मानंद

*

किल्लारी,
१२ डिसेंबर २०२४

धम्मानंद,

तुझ्यावर रागावू की स्वतःवर, ते कळेना म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. शिवाय लिहायला वेळही नव्हता. आम्ही लातूरला दवाखान्यात होतो.

तुझं पत्र आलं, मी डबी काढून मल्लिनाथच्या पिशवीत घातली. संध्याकाळी अव्वा देवाला दिवा लावून आल्या आणि रिकाम्या जागेकडं बघत उभ्या राहिल्या. "ऐकणारं गेलं व्हय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ज्याचं त्याला परत दिलं अव्वा." त्या "बरं" म्हणाल्या. वाकळ उचलली, उशी उचलली, तांब्या उचलला आणि अंगणात गेल्या. मी मागं गेले, हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही रे, आपलं काम राहिलंय अशा घाईनं.

त्या आठवड्यात थंडी किती होती तुला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी ताप भरला, छातीत घरघर. ॲडमिट केलं. परवा घरी आणलं, आणि आल्या त्या थेट अंगणातल्या बाजेवर जाऊन बसल्या. डॉक्टर म्हणाले, यावेळी वाचल्या. "यावेळी" या शब्दावर त्यांनी जोर दिला, तो माझ्या कानातून जात नाही.

आता मला कळलेलं सांगते. अव्वांना बघायला साखराबाई आली. येताच मला म्हणते, "का गं, भूकंपाचं मशीन कुठं गेलं?" मी म्हटलं, कसलं मशीन? ती म्हणाली, "ते दिव्याचं! जमिनीतलं ऐकतंय ते. समद्या गल्लीला ठाव हाय. आमी बी त्या मशीनच्या भरवशावर निवांत झोपत होतो." धम्मा, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भूकंपानंतर गावात शास्त्रज्ञ आले होते, शाळेत पेट्या ठेवल्या होत्या, त्यांनाही दिवे होते म्हणे. ते बघितलेल्या अव्वांना मी सांगितलं, हे ऐकतं, रात्रंदिवस ऐकतं, काय आलं-गेलं टिपतं. त्यांनी दुसरं काय समजायचं? माझी विनवणीही नाही आणि डॉक्टरही नाहीत, तुझी साबणाची डबी बघून अव्वा आत आल्या होत्या.

आणि डेटा परत संपायला लागलाय. पण त्याचं आता मला काही वाटत नाही. लोक औशाला जाऊन अर्ज भरतायत, भरोत.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. लॅबमधली डबी देऊ नकोस. नुसती साबणाची डबी दे, आत लुकलुकणारा दिवा बसव, बास. आत काही नसलं तरी चालेल. मी खोटं बोलायला तयार आहे. हिवाळ्याचे दोन महिने निघाले की मग बघू.

जगदेवी

*

नांदेड,
१७ डिसेंबर २०२४

अक्का,

रिकामी डबी मी पाठवणार नाही. रागाव, पण आधी ऐक.

जमीन कधी हलणार हे आधी सांगणारं यंत्र जगात कोणाकडेही नाही. माझी डबी तर फोनचं ऐकते, तिला जमिनीशी देणंघेणंच नाही. आता समज, अव्वा आणि तुमची गल्ली तिच्या भरवशावर आहे, आणि उद्या खरंच हादरा बसला. डबी गप्प. दिवा हिरवा. त्यानंतर मी तुला तोंड कसं दाखवू? मी दोन दिवस हाच विचार करतोय. एकदा वाटतं, म्हातारीचा जीव वाचतोय तर एका दिव्यानं काय बिघडतं. लगेच वाटतं, ज्या गावानं एवढं सोसलं त्याला आपण खोटा दिवा कसा द्यायचा? मला उत्तर सापडलेलं नाही. म्हणून मला जेवढं खरं करता येतं तेवढं करतो.

सोबत डबी आहे. खरी, आतल्या संगणकासकट. ही लॅबची नाही, माझी आहे. परत मागणार नाही. अट एकच. ही काय ऐकते आणि काय नाही, ते अव्वांना नीट सांग. सांगितल्यावर त्या बाहेरच राहिल्या, तर मी रजा काढून येतो आणि आपण दोघं मिळून त्यांच्या अंगणाला भिंती बांधू.

त्याआधी एक रात्र डबी अव्वांना दिसणार नाही अशी मागच्या खोलीत लावून ठेव. सगळ्यांना सांगूनच लाव म्हणणारा मीच, हे लक्षात आहे. तू एकदा सगळ्यांना सांगितलं होतंस, त्याच परवानगीवर निभावून नेतो आहे, आणि ते मला पुरतं पटलेलं नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. डबी आली, अव्वा आत आल्या, डेटा उरला. डबी गेली, अव्वा बाहेर गेल्या, डेटा संपला. पहिल्या रात्री अव्वा बाहेर होत्या, पण तेव्हा डबी स्वतःशीच बोलत होती, त्यामुळे त्या रात्रीची नोंद आपल्याकडे नाही. याचा अर्थ काय, ते लिहायला माझा हात धजत नाही. तूच बघ.

धम्मानंद

*

किल्लारी,
२९ डिसेंबर २०२४

धम्मानंद,

सगळं सविस्तर लिहिते, मधेच हसू नकोस.

डबी मागच्या खोलीत लावली. यादीतलं नाव बरोबर निवडलं! सकाळी वायरशार्कमध्ये बघितलं तर एकच यंत्र, बारा वाजल्यापासून पहाटेपर्यंत सारखं ओढतंय. त्याचा नंबर, फोनच्या सेटिंगमध्ये दिसतो तो, कागदावर लिहिला. माझ्या फोनशी जुळेना, मल्लिनाथच्या जुळेना. तुझा इशारा माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता, मग तडक साखराबाईच्या दारात गेले आणि श्रीशैलला म्हटलं, "काढ तुझा फोन." त्यानं काढला. दुकानात दुरुस्तीला आलेले फोनसुद्धा एकेक करून दाखवले. एकही जुळला नाही. साखराबाईनं मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

घरी येऊन कागद आपटला. मल्लिनाथ जेवत होता. कागदाकडं बघून म्हणतो, "अव्वाचा फोन बघिटलीस का?"

अव्वांकडं मल्लिनाथचा जुना फोन असतो, एरवी बंदच. अंगणात असल्या की रात्री उशाशी बारीक आवाजात भजनं चालतात, ती मेमरी कार्डावरची आहेत असं मी धरून चालले होते. कार्ड तर सप्टेंबरातच खराब झालं! या गृहस्थानं फोनला वाय-फाय लावून दिलं, मी पासवर्ड बदलला की नवा घालून दिला आणि रात्रभर चालणारे कीर्तनाचे व्हिडिओ काढून दिले. दीड महिना आपली चोर शोधायची पत्रं तो स्वतःच्या पिशवीतून नेतोय-आणतोय, आणि एका शब्दानं बोलला नाही. विचारलं तर म्हणतो, "तू कवा इचारलीस?" धम्मा, त्या दिवशी मी त्याला पुन्हा वाढलं नाही.

मग मी अंगणात जाऊन अव्वांच्या बाजेवर बसले. तुझं पत्र पदरात होतं. म्हटलं, आज काय ते होऊ दे.

"अव्वा, रातभर फोन कशाला लावता?"

"झोप लागू न्हाई म्हून."

"का लागू न्हाई?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू एवढंही या पोरीला समजत नाही. "त्या राती गनपती बोळवून आलो. समदे दमलेले. समदेच झोपले. घरात एक बी मानूस जागं न्हवतं गं."

मीच विचारलं, "म्हणून छताची भीती वाटते?"

"छताची कशाची भ्या? हितनं समद्या घराला हाक पोचती. तुमच्या खोलीला बी, साखरीच्या दाराला बी. आतनं पोचत न्हाई. म्हून हितं."

धम्मा, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी रोज गाढ झोपते. माहेरी मला झोप येत नाही, इथं पाठ टेकली की लागते, याचं मलाच नवल वाटायचं. माझ्यासाठी एक बाई अंगणात जागत होती आणि मी तिला हट्टी म्हणत होते, तिची बाज उचलून आत ठेवत होते. तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस, कशाची भीती वाटते ते विचारलंस का. मी तुझी चेष्टा केली. मला फार वाईट वाटतंय.

तरी तुझी अट पाळली. म्हटलं, "अव्वा, एक खरं सांगते. त्या डबीला जमिनीचं काही ऐकू येत न्हाई. ती फोनचं ऐकती, नेटचं ऐकती. भूकंपाचं तिला काही कळत न्हाई."

"जमिनीचं कुनाला ऐकू येतंय?" अव्वा म्हणाल्या. "भूकंपाचं मशीन म्हून साखरी बोंबलती. म्या कवा म्हनले?"

"मग तुमी आत कशापायी आलात?"

"तूच म्हनलीस की, ती झोपत न्हाई."

"पण ती हाक न्हाई मारणार अव्वा. नुसतीच जागी राहील."

अव्वांनी पाय वर घेतले, वाकळ गुडघ्यावर ओढली. मला वाटलं, संपलं, आता ही बाई आत येत नाही. मग म्हणाल्या, "म्या तरी काय केले इतकी वर्सं? जमीन हलली न्हाई. हाक मारावी लागली न्हाई. नुसती जागी ऱ्हायले. ती बी तेच करती. झाली की माझी पाळी."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि वाकळ स्वतः उचलली. डबी मागच्या खोलीतून आणून पहिल्या जागी लावली. अव्वांनी दिवा बघितला, भिंतीकडं तोंड केलं आणि झोपल्या. आज आठवडा झाला. ताप नाही, घरघर नाही. फोन त्यांनी मल्लिनाथला परत दिला, म्हणाल्या, आता कशाला लागतो. साखराबाईच्या घरी जाऊन मी डबीचं खरं सांगितलं आणि श्रीशैलची माफीही मागितली. साखराबाईनं पहिलं ऐकलं नाही आणि दुसरं चारचौघांत पुन्हा म्हणायला लावलं.

तुझ्या कागदावर शेवटी प्रोग्राम बंद करायची ओळ आहे, ती मी काही टंकणार नाही. तुला जास्तीचं ऐकणं पटत नाही हे माहीत आहे. पण जुनं आपोआप पुसलं जातं, फाइल कोणी उघडत नाही आणि पाटी अजून भिंतीवर आहे. तेवढं चालवून घे.

एक राहिलं. परवा रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरही बसला. डासांसाठी लावलेला पंखा थांबला म्हणून मला जाग आली. बाहेर येऊन बघते तर डबी काळी ठिक्कर. अव्वांना कळलं नव्हतं, त्या तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. उठवावं का, ते समजेना. उठवलं तर वाकळ घेऊन परत बाहेर जातील. नाही उठवलं तर मी त्यांना फसवलं असं होईल.

मग मी शाल गुंडाळून त्यांच्या उशाशी बसले. मल्लिनाथचं घोरणं ऐकू येत होतं, साखराबाईकडचं कुत्रं मधेच भुंकत होतं. दोनदा डोळे मिटायला लागले, तेव्हा उठून तोंडावर पाणी मारलं. पहाटे वीज आली. डबीचा दिवा आधी लाल झाला, मग हिरवा, मग लुकलुकायला लागला. तेव्हा मी जाऊन झोपले.

तुझी,
जगदेवी अक्का